मँचेस्टरला निघालेल्या लाल मित्रास

कोल्हापूर
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुहास,

जानेवारीत तू मँचेस्टरला जाणार हे ऐकून मला किती आनंद झाला ते फोनवर धड सांगताही आलं नाही. कंपनीनं तुला पाठवायचं ठरवलं ते बरंच झालं, पण तिथून तासाभराच्या रेल्वेवर लिव्हरपूल आहे, माझ्यासाठी खरी बातमी ती.

तू लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा, म्हणजे लाल; मी त्याच शहरातल्या एव्हर्टन क्लबचा, म्हणजे निळा. फोनवर तू एक वाक्य बोललास. ‘एव्हर्टनशी आता कसली ईर्षा, आमची खरी खुन्नस मँचेस्टर युनायटेडशी.’ त्याचं उत्तर तिथंच द्यायचं होतं. पण तिकडून वहिनी जेवायला हाका मारत होत्या, आणि हे काही दोन मिनिटांत उरकण्यासारखं नाही. म्हणून सवडीनं लिहितोय. विमानात बसण्याआधी हे सगळं तुझ्या डोक्यात असावं अशी माझी फार इच्छा आहे.

युनायटेडशी खुन्नस आहे, ती कोण नाकारतंय? एप्रिलमध्ये लंडनच्या स्पर्स संघाला ५–१ नं हाणून तुम्ही विसावं इंग्लिश लीग विजेतेपद घेतलंत आणि युनायटेडची बरोबरी केलीत, त्या रात्री तुझा आवाज बसला होता. पण ते भांडण मुळात फुटबॉलचं नाहीच. मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणारा कापूस लिव्हरपूलच्या गोदीत उतरायचा आणि तिथल्या करांचा बोजा मँचेस्टरवाल्यांना खुपायचा. शेवटी त्यांनी ५८ किलोमीटर लांबीचा कालवाच खणला आणि १८९४ पासून जहाजं थेट त्यांच्या दारात येऊ लागली. युनायटेडच्या आणि मँचेस्टर सिटीच्याही बिल्ल्यावर जहाज आहे. समुद्रापासून लांब असलेल्या गावाच्या बिल्ल्यावर जहाज का, हे तिथं रस्त्यात कुणाची जर्सी दिसली की तुला आठवेल. हे दोन शहरांचं, दोन बाजारपेठांचं वैर. मोठं आहे, जुनं आहे, पण सामना संपला की एक जण पूर्वेला जातो आणि दुसरा पश्चिमेला.

आमचं-तुमचं तसं नाही. ही भाऊबंदकी आहे.

ॲनफिल्ड हे मूळचं एव्हर्टनचं मैदान, हे तुला माहीत आहे. मी कितीदा तरी ऐकवलंय. पण त्यातली माणसं तुला नीट सांगितली नाहीत. जॉन हौल्डिंग हा दारू गाळण्याच्या धंद्यातला बडा असामी आणि राजकारणीही. १८८४ मध्ये एव्हर्टनला ॲनफिल्ड मिळालं ते त्याच्यामुळं. खेळाडू कपडे बदलायचे तेसुद्धा त्याच्याच हॉटेलात. भाडं आधी वर्षाला १०० पौंड होतं, ते काही वर्षांत २५० वर गेलं. १८९१ मध्ये एव्हर्टननं पहिलं लीग विजेतेपद जिंकलं, ॲनफिल्डवर खेळून. म्हणजे त्या मैदानाला पहिला मुकुट चढवला तो निळ्यांनी. आणि पुढच्याच वर्षी सगळं फुटलं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा जॉर्ज महॉन सभासदांना घेऊन बाहेर पडला आणि स्टॅन्ले पार्कच्या पलीकडच्या अंगाला त्यांनी गुडिसन पार्क उभं केलं. हौल्डिंगकडं मैदान राहिलं, संघ नाही. त्यानं नवा संघ काढला, स्कॉटलंडहून खेळाडू आणले आणि नाव ठेवलं लिव्हरपूल. ह्या नव्या संघाचा पहिला सदरा निळा-पांढरा होता, सुहास. लाल रंग तुमच्या अंगावर नंतर आला.

दोघांचा लीगमधला पहिला सामना ऑक्टोबर १८९४ मध्ये गुडिसनवर झाला. एव्हर्टन ३, लिव्हरपूल ०. एका बागेच्या दोन बाजूंना दोन भाऊ, मध्ये कुंपणसुद्धा नाही.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या क्लबांसारखी इथं धर्मावरून वाटणी नाही. अमुक गल्ली लाल आणि तमुक निळी असंही नाही. एकाच घरात बाप निळा, पोरगा लाल. तुमचे खेळाडू इयन रश, रॉबी फाउलर, मायकेल ओवन, जेमी कॅराघर, हे सगळे लहानपणी एव्हर्टनचे चाहते. तुमचा देव, मॅनेजर बिल शँक्ली, १९७४ ला निवृत्त झाल्यावर एव्हर्टनच्या सराव मैदानावर जाऊन बसायचा. त्याच्या घराजवळच होतं ते, आणि तिथं त्याचं मनापासून स्वागत व्हायचं. आपण दोघं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ ह्या पेठांपेठांतल्या संघांचे सामने बघत वाढलो. तुझ्या आत्याचं माहेर मंगळवार पेठेत आणि सासर शिवाजी पेठेत. सामन्याच्या दिवशी त्या घरात काय चालायचं ते तू बघितलंयस. म्हणून म्हणतो, हे तुला कळायला पाहिजे. ईर्षा जवळच्याशीच होते. लांबच्याचा राग येतो आणि जातो.

आता जे तुला आजवर कधी सविस्तर बोललो नाही ते सांगतो. १९८५ चा एव्हर्टन हा युरोपातल्या उत्तम संघांपैकी एक होता. मॅनेजर हॉवर्ड केंडलच्या त्या पोरांनी लीग जिंकली आणि रॉटरडॅमला रॅपिड व्हिएन्नाला ३–१ नं हरवून कप विनर्स कपही आणला. त्यानंतर दोनच आठवड्यांत ब्रुसेल्सच्या हेसेल स्टेडियमवर लिव्हरपूल–युव्हेंटस सामन्याआधी लिव्हरपूलचे प्रेक्षक समोरच्यांवर धावून गेले आणि त्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं मेली, बहुतेक इटालियन. इंग्लिश क्लबांना युरोपात बंदी झाली. एव्हर्टन विजेता असून युरोपियन कपला, म्हणजे युरोपातल्या लीग विजेत्यांच्या स्पर्धेला, मुकला. १९८७ ला परत लीग जिंकली, परत मुकला. ते आमचं शेवटचं विजेतेपद. तो संघ विस्कटला, केंडल स्पेनला गेला. जुन्या एव्हर्टनवाल्यांच्या पोटात ही गोष्ट अजून आहे, आणि ती असणारच. मेलेल्या ३९ जणांपुढं एका चषकाची काय किंमत, हेही त्यांना कळतं, म्हणून ते मोठ्यानं बोलत नाहीत.

आणि हे सगळं पोटात असताना १९८९ आलं. १५ एप्रिलला दोन्ही संघांची एफए कपची उपांत्य फेरी होती. बर्मिंगहॅमला एव्हर्टन नॉर्विचला हरवत होता आणि त्याच वेळी शेफिल्डला हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलची माणसं जाळीला चिरडून मरत होती. त्यातल्या जखमांनी पुढं गेलेले धरून ९७. फायनलला पोचल्याचा आनंद एकाही निळ्याला घेता आला नाही. कारण त्या गर्दीत कुणाचा भाऊ होता, कुणाचा मेहुणा, कुणाचा कामावरचा जोडीदार. आठवड्यानं लोकांनी स्टॅन्ले पार्कमधून, गुडिसनपासून ॲनफिल्डपर्यंत, गळपट्ट्याला गळपट्टा बांधत साखळी केली. निळा, लाल, निळा, लाल. लिव्हरपूल त्यानंतरचा पहिला लीग सामना खेळला तो गुडिसनवर, आणि फायनलही आपलीच झाली. तुम्ही ३–२ नं जिंकलात. पोलिसांनी आणि एका वर्तमानपत्रानं दोष मेलेल्यांवरच ढकलला होता. ते खोटं आहे हे सिद्ध व्हायला २०१२ चा अहवाल आणि २०१६ चा ज्युरीचा निकाल यावा लागला, आणि तोवर ते वर्तमानपत्र निळ्या घरांतही शिरलं नाही. २०१२ मध्ये, अहवाल आल्यावर लगेच, गुडिसनवर दोन लहान मुलं हातात हात घालून मैदानात आली. एकाच्या अंगावर एव्हर्टनचा सदरा, पाठीवर ९. दुसऱ्याच्या अंगावर लिव्हरपूलचा, पाठीवर ६. तेव्हा मृतांची संख्या ९६ धरत. ते दृश्य मी आजही बघू शकत नाही.

उलट बाजूचंही सांगतो, म्हणजे तुला वाटायला नको की मी फक्त आमचं कौतुक करतोय. २००७ मध्ये लिव्हरपूल शहरात अकरा वर्षांचा एक मुलगा गोळी लागून गेला. फुटबॉलच्या सरावाहून घरी चालला होता. एव्हर्टनचा वेडा होता तो. पुढच्या आठवड्यात ॲनफिल्डवर चॅम्पियन्स लीगचा सामना होता. तिथं त्याच्या आई-वडिलांना बोलावलं आणि स्पीकरवर ‘झेड कार्स’ची धून लागली. एव्हर्टनचे खेळाडू जिच्यावर मैदानात उतरतात ती आमची धून, तुमच्या ॲनफिल्डवर! आणि सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्या दिवसापासून तुमच्याबद्दल वाईट शब्द काढताना माझी जीभ अडते. युनायटेड–लिव्हरपूल सामन्यात युनायटेडचे खेळाडू ज्यात गेले त्या म्युनिकच्या विमान अपघातावरून आणि हिल्सबरोवरून जी घाणेरडी गाणी म्हटली जातात ती तू तिथं ऐकशील. त्यात सूर मिसळू नकोस. कितीही तापलास तरी नको.

मैदानात मात्र गोडी-गुलाबी काही नाही. प्रीमियर लीगमध्ये सगळ्यात जास्त लाल कार्डं ज्या लढतीत निघाली ती हीच. गुडिसनवरची शेवटची डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोघांची लढत, आठव. फेब्रुवारी, बुधवारची रात्र, आपल्याकडं गुरुवार उजाडलेला. वादळामुळं डिसेंबरातला सामना पुढं ढकलून ठेवला होता. बेटोनं आम्हाला पुढं नेलं, मॅक ॲलिस्टरनं लगेच बरोबरी केली, ७३ व्या मिनिटाला सालाहनं तुम्हाला पुढं नेलं. मला वाटलं संपलं. भरपाईचा वेळ पाच मिनिटांचा, तोही उलटून गेलेला. ९८ वं मिनिट. बॉक्समध्ये लांबून बॉल आला, धक्काबुक्कीतून इरोएगबुनामनं तो कसाबसा मागं सारला आणि बचावपटू टार्कोव्स्की, हो बचावपटू, बॉल जमिनीला टेकू न देता उजव्या पायानं असा फोडला की तुमचा गोलकीपर ॲलिसन हललाच नाही. जाळीचं छत फाटेल असं वाटलं. मग व्हीएआरची, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचांची, ती जीवघेणी वाट, मग गोल कायम, मग शिट्टी, मग आमचा दुकूरे आणि तुमचा कर्टिस जोन्स भिडले आणि दोघंही बाहेर. तुमचे कोच स्लॉटसुद्धा लाल कार्ड घेऊन गेले. २–२. गुडिसनवरच्या १२० डर्बींचा हिशोब त्या गोलनं ४१ तुमच्या, ४१ आमच्या, ३८ बरोबरीत असा मिटला. तू मला त्या रात्री मेसेज केलास, ‘हरलो असतो तर एवढं लागलं नसतं.’ मग कसली ईर्षा म्हणतोस रे? युनायटेडशी बरोबरी झाल्यावर तू असं लिहिलं होतंस का?

आकड्यांत तुम्ही फार पुढं आहात, मान्य. वीस विजेतेपदं विरुद्ध नऊ. आमचा शेवटचा चषक १९९५ चा. ॲनफिल्डवर आम्ही १९९९ नंतर थेट २०२१ ला जिंकलो, आणि ते कोविडमुळं रिकाम्या स्टेडियमात. बघायला एक निळा माणूस नव्हता. गेल्या महिन्यात परत २–१ नं हरलो. पण आपण दोघं ह्यात पडलो तेच वर्ष बघ, २००४–०५. लीगमध्ये एव्हर्टन चौथा, ६१ गुण; लिव्हरपूल पाचवा, ५८ गुण. आणि त्याच मे महिन्यात तुम्ही इस्तंबूलला मिलानविरुद्ध ०–३ वरून उठून युरोप जिंकलात. तू त्या रात्री लाल झालास. मी आमचा मॅनेजर डेव्हिड मॉइजच्या त्या चौथ्या नंबरवर जीव टाकून बसलो होतो, आणि आता तो माणूस परत आलाय तर मला पुन्हा तेच वाटतंय.

एका गोष्टीनं मी अस्वस्थ आहे. मे महिन्यात आमचा पुरुष संघ गुडिसन सोडून ब्रॅमली-मूर गोदीतल्या नव्या हिल डिकिन्सन स्टेडियमवर गेला. नदीकाठी आहे, देखणं आहे, पन्नास हजारांवर माणसं बसतात, क्लबला पैसा लागतो, सगळं पटतं. पण १८९२ पासून दोघांमध्ये फक्त एक बाग होती. आता दोन-तीन किलोमीटर आहेत. सामन्याला निघालेले लाल आणि निळे एकाच फुटपाथवरून, एकाच पबसमोरून जायचे. ते जाऊन-येऊन असणं बंद झालं तर पुढच्या पिढीची डर्बी टीव्हीवर दाखवतात तेवढीच उरेल अशी मला भीती वाटते. नशीब एवढंच की गुडिसन पाडलं नाही. ते आता महिला संघाचं घर आहे, आणि आमच्या महिलांनी हंगामाची सुरुवातच ॲनफिल्डवर तुम्हाला ४–१ नं हरवून केली आहे.

तर तुला करायचं ते असं. पुरुषांच्या डर्बीचं तिकीट तुला मिळणं अवघड, त्यामागं पैसे घालवू नकोस, आणि दलालांच्या नादाला तर मुळीच लागू नकोस. एखाद्या रविवारी एव्हर्टनच्या महिलांचा सामना बघून ठेव. तिकीट सहज आणि स्वस्तात मिळतं. सकाळी आधी तुझ्या ॲनफिल्डला जा, ९७ नावं वाच. मग स्टॅन्ले पार्कमधून चालत गुडिसनला ये. बसनं येऊ नकोस. आत गेलास की बुलन्स रोडच्या बाजूच्या सज्जावर लोखंडी पट्ट्यांची फुल्याफुल्यांची नक्षी दिसेल, स्टेडियमं बांधणाऱ्या आर्चिबाल्ड लीचनं केलेली. आणि स्टेडियमच्या कोपऱ्यात चर्च आहे, सेंट ल्यूक, अगदी स्टँडला खेटून. त्या कोपऱ्याचे फोटो मला हवेत. लाल मफलर घालून आत जाऊ नकोस एवढं माझ्यासाठी कर.

व्हिसाचं काय झालं ते कळव. वहिनी आणि पोरं बरोबर येणार आहेत का तेही लिही, म्हणजे इथून काय काय पाठवायचं ते आईला सांगतो. तिनं कांदा-लसूण मसाला कांडायला घेतलाच आहे.

तुझा,
बाळ्या