मॅडम, तुम्ही पेन खाली ठेवलंत

मॅडम, नमस्कार.

माझ्या अडखळत बोलण्यावर तुम्ही उपचार केलेत, त्यामुळं हे तुमच्यासमोर येऊनही सांगता आलं असतं. आता तेवढं येतं. पण मला ते चारचौघांत सांगायचं आहे, म्हणून असं उघड लिहितोय.

परवा मालक जेवायला गेले होते म्हणून दुकानाच्या काउंटरवर मी होतो. शेजारच्या गावचे एक काका आले. सोयाबीन पिवळं पडतंय, चांगलं बुरशीनाशक दे म्हणाले. सोबत डहाळी आणली होती. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे. पिवळा मोझॅक. हा विषाणूचा रोग, पांढरी माशी तो पसरवते. त्यावर बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं. मी सांगायला गेलो आणि 'पांढरी'च्या 'पां'वरच अडकलो. मान हलली, डोळे मिटले. काका कसनुसे होऊन रस्त्याकडं बघायला लागले. तेव्हा म्हणालो, "काका, मी अडखळतो. वेळ लागंल, पण सांगतोय ते ऐका." आणि सगळं सांगितलं. रोगट झाडं उपटून टाका, पिवळे चिकट सापळे लावा, आधी माशीचा बंदोबस्त करा. तीन-चार ठिकाणी अडकलो, पण वाक्य एकही सोडलं नाही. काका बुरशीनाशक न घेता गेले. रात्री बायकोला हेच परत परत सांगत होतो.

"मी अडखळतो, वेळ लागेल" हे तुमच्याकडून घेतलेलं वाक्य आहे, मॅडम. आधी सांगून टाका, मग लपवायचं काही उरत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात.

तुमच्याआधी बरेच जण भेटले. शाळेत एक सर होते. धडा वाचायची माझी पाळी आली की त्यांचं बोट सरळ मागच्या बाकाकडं जायचं. वेळ वाचतो म्हणायचे. आज इतक्या वर्षांनीही मला ते बोट दिसतं. घरच्यांनी मायेपोटी जिभेला वेखंड उगाळून लावलं, तोंडात गोट्या धरून वाचायला लावलं; त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो 'महिन्यात तोतरेपणा बंद, खात्रीशीर' अशी जाहिरात करणाऱ्या त्या क्लासवर. एकेक अक्षर तोडून तालात बोलायला शिकवलं. खोलीत जमायचं, दारातून बाहेर पडलं की संपलं. परत गेलो तर म्हणाले, तुमचीच जिद्द कमी पडली. वडिलांनी दिलेले पैसे घेऊन वर हे ऐकवलं.

आणि गणपतीतलं तर दरवर्षीचं. आरती खणखणीत म्हणतो, मग बोलतानाच काय होतं याला? नाटकं करतो. लोक हे तोंडावर म्हणायचे आणि माझ्याकडं उत्तर नसायचं. ते तुम्ही दिलंत. गाताना किंवा सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना अडखळणं बहुतेकांचं जातं. हा भित्रेपणा नाही, अक्कल कमी असणं तर नाहीच. बोलण्याची जुळवाजुळव मेंदूत होते तिथला हा फरक, आणि तो पुष्कळदा घराण्यातून येतो. मोठ्या माणसांत शंभरातल्या साधारण एकाला असतो. हे ऐकलं आणि आजोबा आठवले. ते फार कमी बोलायचे. आम्ही सगळे त्यांना तापट समजत आलो.

साताऱ्याहून घरी येताना कंडक्टरपुढं मला 'कऱ्हाड' म्हणता यायचं नाही. 'उंब्रज' निघायचं. म्हणून उंब्रजचं तिकीट काढायचं, तिथं उतरायचं आणि पुढं वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, यायचं. वडापवाला स्वतःच "कऱ्हाड, कऱ्हाड" ओरडत असतो, आपण नुसतं बसायचं. मंडईत कोथिंबीर हवी असली तरी मेथी घेऊन यायचो. सारखा दुसरा शब्द शोधायचा. नावाला मात्र दुसरा शब्द नसतो, तिथं सुटका नाही.

म्हणून तो पहिला दिवस. तुम्ही नाव विचारलंत. मी नेहमीसारखा केसपेपर पुढं केला, त्यावर लिहिलेलं होतंच. तुम्ही तो घेतलात आणि न वाचता टेबलावर पालथा ठेवलात. पेनाला टोपण लावून पेनही खाली ठेवलंत, आणि माझ्याकडं बघत थांबलात. बाहेर रांग होती, कुणीतरी दार ढकलून डोकावलंसुद्धा. माझे ओठ 'प'वर मिटले ते सुटेनात. तुम्ही "सावकाश बोला" म्हणाला नाहीत. ओठ हलवून सुचवलं नाहीत, नजर खाली घातली नाहीत. नाव बाहेर पडल्यावर "छान" असंही म्हणाला नाहीत. एखाद्याचं नाव कळल्यावर माणूस जे विचारतो तेच विचारलंत, "राहायला कुठं?" म्हणजे परत 'क'. तुम्ही परत थांबलात.

पुढं जे काही शिकलो, ओठ सैल सोडून शब्द सुरू करणं, मुद्दाम अडखळून बघणं, फोनवरचा सराव, ते सगळं त्या थांबण्यावर उभं आहे. मी काय बोलतोय याची समोरच्याला पर्वा आहे, हे तोवर कुणी दाखवलंच नव्हतं. बहुतेक माणसं वाईट नसतात. मदत म्हणूनच आपलं वाक्य ती पुरं करतात. पण कुणाचं तरी बोलणं संपेपर्यंत गप्प बसण्याएवढी सभ्यता मला फार थोड्यांत दिसली. तिला ना पैसा लागतो, ना शिक्षण. परवाचे काकाही आधी रस्त्याकडं बघत होते, पण सांगितल्यावर थांबले, पूर्ण ऐकलं आणि जाताना सापळे कसे लावायचे तेही विचारलं. त्यांचेही आभार.

आता एक काम. आमच्या गल्लीत पहिलीतला एक पोरगा आहे, वर्षभर झालं अडखळतोय. लहान वयात अडखळणारी पुष्कळ मुलं आपोआप मोकळी होतात, तरी वेळेत दाखवावं, हे तुम्हीच सांगितलं होतंत. येत्या गुरुवारी त्याला आणि त्याच्या आईला घेऊन येतोय. त्याच्या वतीनं तीच बोलते, तिला सवय झाली आहे. वाटेत मी तिला सांगेनच, पण तुम्हीही सांगा. नाव त्यालाच विचारा.

तुमचा,
कऱ्हाडचा कृषी केंद्रवाला