याल तर हिवाळ्यातच या

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "ऐन थंडीत, सगळं बंद असताना त्या बेटावर कोण जातं गं?" तेव्हा आवाज तुटत होता, म्हणून आता सविस्तर लिहिते. पुढच्या वर्षी न्यूझीलंडला यायचं म्हणून बाबांनी डिसेंबर-जानेवारी मनात धरला आहे. तिकिटं काढण्याआधी हे वाचा. इकडे ऋतू उलटे असतात: डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा आणि जून-जुलैत हिवाळा. राकिउराला जायचं असेल तर जून-जुलैसारखे दिवस नाहीत, असं माझं ठाम मत झालंय.

राकिउरा म्हणजेच स्टुअर्ट आयलंड, देशाच्या पार दक्षिण टोकाला. ब्लफ बंदरातून फेरीने तासाभराचा रस्ता, पण मधली फोव्हो सामुद्रधुनी चांगलीच खवळलेली असते. आईला बोट लागते, तेव्हा तुम्ही इन्व्हरकार्गिलहून छोट्या विमानाने या. वीसेक मिनिटांत पोचाल. बेटावर गाव एकच, ओबान. वस्ती जेमतेम चारशेची. बेटाचा सुमारे ८५ टक्के भाग २००२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, रस्ते गावाच्या आसपास संपतात आणि पुढे नुसतं जंगल.

हिवाळ्यात बंद असतं ते एवढंच: काही खाणावळी आणि थोड्या सहली. फेरीच्या फेऱ्याही कमी होतात. चहूकडे समुद्र असल्यामुळे किनाऱ्यावर बर्फ क्वचितच पडतो, आणि पाऊस तर इथे बारा महिने. पाच वाजता मात्र सूर्य मावळतो, आणि मला सांगायचंय ते इथूनच सुरू होतं.

किवी हा न उडणारा पक्षी रात्री बाहेर पडतो. उन्हाळ्यात इथे धड अंधार पडायलाच रात्रीचे दहा-साडेदहा वाजतात. आई, तू तोवर जागी राहणार आहेस का? हिवाळ्यात संध्याकाळी सहाला निघायचं आणि वेळेवर परत येऊन झोपायचं. शिवाय रात्र लांबलचक, म्हणजे त्याला चरायलाही भरपूर वेळ. या बेटावरच्या जातीला टोकोएका म्हणतात. हे पक्षी इथे माणसांपेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि कधीकधी दिवसाही दिसतात.

आम्ही वाटाड्याबरोबर लाल उजेडाची विजेरी घेऊन गेलो. पांढरा झोत आणि फ्लॅश दोन्ही चालत नाही, पक्षी बिथरतो. आधी आवाज आला, कुणीतरी सर्दीने नाक शिंकरावं तसा. किवीच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाला असतात. मातीत चोच खुपसून किडे हुंगताना त्या बुजतात, मग तो फुर्र करून मोकळ्या करतो. मग तो स्वतःच झुडपातून आला आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता पालापाचोळा उकरत राहिला. मोठा पक्षी, पण पंख दिसतच नाहीत. बाबा, तुम्ही खिडकीत तासन्‌तास पक्षी बघत बसता ना, तुम्ही इथे हवे होतात असं मला तेव्हा इतकं वाटलं की डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी उल्वा बेटावर गेलो. पॅटरसन खाडीतलं हे छोटं बेट. वॉटर टॅक्सीने काही मिनिटं लागतात. वाटा सोप्या आहेत, बाबांच्या गुडघ्याला झेपतील. निघण्याआधी बूट झटकून घ्यावे लागतात, त्यांना परक्या गवताचं बी चिकटून जाऊ नये म्हणून, आणि पिशवीत उंदीर नाही ना हेही बघायचं. हे दोन्ही मनापासून करा. इथल्या पक्ष्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवरच्या शिकारी प्राण्यांशिवाय वाढल्या, त्यामुळे माणसांसोबत आलेल्या उंदीर-मांजरांपुढे त्यांचा निभाव लागत नाही. १९९७ मध्ये उल्वा उंदीरमुक्त झालं. पण उंदीर पोहतात, त्यामुळे पहारा कधीच संपत नाही. त्याचं फळ दिसतं. पायाने जरा पालापाचोळा हलवला की रॉबिन नावाचा छोटा पक्षी बुटाशी येऊन किडे टिपतो. वरच्या फांद्यांवर काका जातीचे तपकिरी पोपट साली सोलत बसलेले. वाटेवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणून प्रत्येक पंखाची फडफड ऐकू येत होती. भर मोसमात हे कसं मिळणार?

काकापोची गोष्टही तिथेच ऐकली. न उडणारा हा पोपट जवळपास संपलाच असं वाटत असताना १९७७ मध्ये याच राकिउराच्या दक्षिणेला बरेच सापडले. पण रानमांजरं त्यांना मारत होती, म्हणून उरलेले उचलून मांजरं नसलेल्या बेटांवर हलवले. त्यांतलं एक, व्हेनुआ होउ, पश्चिमेला जवळच आहे, पण तिथे परवानगीशिवाय पाऊल ठेवता येत नाही. मला ते फार योग्य वाटलं. काही जागा आपण न जाण्यानेच राहतात.

आणि बाबा, उल्वावर १८७२ मध्ये टपाल कार्यालय होतं! टपाल आलं की झेंडा चढवायचे, तो बघून आजूबाजूचे लोक होड्या घेऊन यायचे. एका झुडपाच्या जाड पानांवर पत्ता लिहून ती पानंच टपालात टाकायची पद्धत होती. आता ते चालत नाही, म्हणून तुम्हाला साधा कागद.

हिवाळ्यात एक गोष्ट हुकते. टीटी नावाचे समुद्रपक्षी तेव्हा पार उत्तर पॅसिफिकमध्ये गेलेले असतात, सप्टेंबरच्या सुमारास परततात. ध्रुवीय प्रकाशाचा, म्हणजे रात्री आकाशात दिसणाऱ्या त्या रंगीत झोतांचाही भरवसा नाही. मला ढगांनी तो दिसू दिला नाही. पण एक रात्र स्वच्छ मिळाली. २०१९ पासून या आकाशाला संरक्षित काळोखाचा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. आकाशगंगा इतकी ठळक मी आजवर पाहिली नव्हती.

तर आता असं करा: पासपोर्टची मुदत बघा आणि डॉक्टरांना गुडघ्याबद्दल विचारा. लोकरीचे कपडे इथे घेऊ, पाणी न शिरणारे बूट मात्र तिथूनच घ्या आणि घरात घालून सैल करून ठेवा. किवीच्या फेरीत माणसं मोजकीच घेतात, म्हणून महिना ठरला की लगेच कळवा. मी तीन जागा राखून ठेवते.

तुमची,
मनू