दिल्या, आधी वकील बघ, मग बाकीचं

प्रिय दिल्या,

काल फोनवर धड बोलता आलं नाही, आमच्या वकील साहेबांचं मॅटर बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) होतं. म्हणून आता निवांत बसून लिहितोय, लांबलं तर लांबलं, पण पूर्ण वाच आणि आप्पांनाही वाचून दाखव.

धाकट्या भावावर गुन्हा दाखल झालाय, तरी तू म्हणालास की बांधावरची साधी मारामारी आहे, वकील केला तर गावात लोकं म्हणतील याने नक्कीच केलं असणार. वकिलाकडे क्लार्की करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही, पण तुझ्या तोंडून ऐकून आला. गावाचं सोड, गाव जामीन देत नाही.

तू एफआयआरचा फोटो पाठवलास तो नीट वाचला. ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२), ३(५). म्हणजे जुन्या आयपीसीच्या भाषेत ३२४, ३२३, ५०४, ५०६, ३४. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, नंबर बदललेत, पण मारहाण, अपमान, धमकी हा शेतीच्या भांडणातला सेट तोच आहे. आत्ता जी कलमं आहेत त्यात टेन्शन घेण्यासारखं फार नाही, ३५(३) ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर व्हायची, नोटीस आलीय, जाऊन हजर व्हायचं, सहकार्य करायचं, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१४ ला अर्नेश कुमारच्या केसमध्ये सांगून ठेवलंय. पण तू सहज एक बोलून गेलास की समोरच्याचा हात प्लास्टरमध्ये आहे, आणि मी तिथेच अडकलो. हाड मोडल्याचं सर्टिफिकेट दवाखान्यातून आलं आणि मारताना काठी नाहीतर खोऱ्याचा दांडा होता असं फिर्यादीत असलं तर कलमवाढ होऊन ११८(२) लागू शकतं. ते अजामीनपात्र आहे आणि त्यात शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, म्हणजे ते सात वर्षांचं संरक्षण गेलं. कागदावरचा एक आकडा कंसात बदलला की धाकट्याची अख्खी केस बदलते, आणि हे बदललेलं तुम्हाला कोण येऊन सांगणार? हवालदार? वकील असला तर तो आजच एक्सरेचं काय झालं ते बघेल आणि गरज वाटली तर सेशन कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकून अंतरिम संरक्षण मागेल. आणि हा अर्ज अटकेच्या आधीच करायचा असतो, हे तुला सांगायला नको, पण लोकं अटक झाल्यावर आमच्या ऑफिसात येऊन विचारतात की अटकपूर्व मिळेल का.

आता आप्पांचं. आप्पा म्हणतात पोलीस साहेब ओळखीचे आहेत, पोरगं जाऊन खरं काय ते सांगून टाकेल. आप्पांवर माझा जीव आहे, पण हे करू देऊ नका. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही हे खरंय, आणि स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही, घटनेच्या कलम २०(३) मध्येच आहे ते. पण कस्टडीतला आरोपी जे बोलला त्यातून काही वस्तू सापडली तर तेवढा भाग पुराव्यात येतो. "मी दांडा लपवलेली जागा दाखवतो" असा मेमोरंडम पंचनामा झाला, दोन पंचांच्या सह्या झाल्या की पुढे उलटतपासात घाम गाळावा लागतो. पोरगं घाबरलेलं असतं, तहान लागलेली असते, समोर ठेवलेल्या कागदावर सही करून मोकळं होतं. अटक झालीच तर चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क आहे (पूर्ण वेळ शेजारी बसू देत नाहीत, पण भेटता येतं), चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं, आणि अटकेची कारणं नीट कळवली नाहीत तर अटकच बेकायदा ठरते. हे सगळं पुस्तकात आहे रे, पण रिमांडच्या वेळी, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं का हे ठरताना, कोर्टात उभं राहून कुणीतरी बोलावं लागतं. रिमांड म्हणजे किती मिनिटांचा खेळ असतो ते तू कधी येऊन बघ. आयओ (तपास अधिकारी) कागद देतो, सरकारी वकील पीसीआर (पोलीस कोठडी) मागतात, आरोपीच्या बाजूने कुणी हरकत घेणारा नसला की मिळून जातो. हरकत घेणारा असला की मॅजिस्ट्रेट साहेब विचारतात, जप्ती झालीय, साक्षीदारांचे जबाब झालेत, मग कस्टडी कशाला? आणि तिथेच कधीकधी एमसीआर (न्यायालयीन कोठडी) होऊन जामिनाचा रस्ता उघडतो.

आणि धाकट्याच्या डोक्याला लागलं होतं म्हणालास ना, त्याचं काय केलं? तीन टाके पडले आणि गावच्या डॉक्टरकडे बांधून आला! कागद कुठाय त्याचा? सरकारी दवाखान्यात मेडिको-लीगल नोंद व्हायला पाहिजे होती, अजूनही जा, जखम दिसतेय तोवर जा. समोरच्यांनी आधी जाऊन फिर्याद दिली म्हणून ते फिर्यादी झाले आणि तुम्ही आरोपी. तुमची क्रॉस (उलट) तक्रार घेत नसतील तर लेखी एसपी ऑफिसला पाठवायची असते, त्यानंतरही कोर्टात जाता येतं. डेअरीसमोरचा कॅमेरा बांधाकडे तोंड करून आहे म्हणालास, त्याचं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत पुसलं जातं, ते जपून ठेवायचा अर्ज कुणी दिला? कुणीच नाही, कारण सगळे सरपंचाच्या ओट्यावर मिटवामिटवी करत बसलेत.

मिटवायला माझा विरोध नाही. मिटलं तर सोनं. पण कुठलं कलम आपसांत मिटतं, कुठे कोर्टाची परवानगी लागते आणि कुठे हायकोर्टात जाऊन गुन्हा रद्दच करून घ्यावा लागतो हे सरपंचाला माहीत नसतं. आणि धाकट्याला सांग, फिर्यादीच्या पोराला व्हॉट्सॲपवर "भावा चुकलं, सोडून दे" असलं काही टाकू नको. त्याची प्रिंट फाईलला लागते, आणि वर साक्षीदारावर दबाव आणला असं पण म्हणतात.

सगळ्यात जास्त भीती मला वेगळीच आहे. तो भरतीची तयारी करतोय. कुणीतरी शहाणा त्याला तारखेला सांगणार की गुन्हा कबूल कर, दंड भर, तारखांचं झेंगट संपव. दंड भरून सुटका होत नाही दिल्या, ती शिक्षाच असते, चारित्र्य पडताळणीत ती पुढे येते. आणि फॉर्ममध्ये लपवलं तर ते आणखी वाईट.

तू म्हणशील आम्ही खरे आहोत मग एवढं कशाला. नाशिकची ती २००३ ची केस आठवते? दरोडा, खून, बलात्कार, आणि पकडली भटक्या समाजातली मजुरी करणारी सहा माणसं. २००६ ला फाशी, २००९ ला सुप्रीम कोर्टानेही सहाही जणांना फाशीच. आणि मग मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. वाचलेल्या साक्षीदाराने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळीच चार माणसं ओळखली होती आणि त्या दिशेने तपासच केला नव्हता. तुमची केस त्याच्या नखाएवढी नाही, पण "आम्ही खरे आहोत" हे ती सहा माणसंही म्हणतच होती.

आपल्याकडे लोकं चिडून म्हणतात कसाबला पण वकील दिला. दिला, बरोबरच केलं. २०१२ ला त्याची फाशी कायम करणाऱ्या निकालातच सुप्रीम कोर्टाने देशातल्या सगळ्या मॅजिस्ट्रेटना सांगितलंय की समोर आणलेल्या माणसाला वकिलाचा हक्क आहे हे सांगा, पैसे नसतील तर सरकारी खर्चाने वकील मिळेल हेही सांगा.

पैशाचं म्हणशील तर जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, १५१०० हा फुकट नंबर आहे. महिला, एससी-एसटी, कोठडीतला माणूस अशा काही जणांना उत्पन्न न बघता वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फुकटचा म्हणजे टाकाऊ असं समजू नको, आमच्या कोर्टात लीगल एडचे दोन वकील असे आहेत की सरकारी वकील त्यांना बघून फाईल पुन्हा चाळतात.

पण तुम्हाला खाजगी परवडेल, तर मग नीट निवडा. तुझे मामेसासरे वकील आहेत माहितीय, पण ते सातबारा, वाटणी, खरेदीखतवाले, त्यांना फौजदारीत ओढू नको. तालुक्याच्या कोर्टात रोज फौजदारी चालवणारा बघ. "पीआय आपल्या खिशात आहे" म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून चहा पिऊन परत यायचं. जामिनाची फी किती, केस चालवायची किती, हे आधीच बोलून घे, पावती माग, लाजू नको. आणि वकिलाला सगळं खरं सांगायचं, दांडा कुणी उचलला तेही, कारण तुम्ही त्याला सांगितलेलं त्याला बाहेर सांगता येत नाही, आणि अर्धवट सांगितलं की तो भर कोर्टात उघडा पडतो.

नोटिशीवर परवाची तारीख आहे. जायचं नक्की, टाळायचं नाही, नाहीतर तेच अटकेचं कारण होतं. पण वकिलाला घेऊन जा आणि हजर राहिल्याची पोच घ्या. उद्या दुपारी साडेतीननंतर मी मोकळा आहे, पुण्यातून निघालास की फोन टाक, तालुक्यातल्या दोन जणांची नावं देतो. येताना एफआयआरची नीट कॉपी, नोटीस, टाक्यांचे फोटो आणि त्या गावच्या डॉक्टरची चिठ्ठी असेल तर तीही आण. जामीनदार लागलाच तर कुणाच्या नावावर सातबारा क्लिअर आहे ते आप्पांना आजच विचारून ठेव, बोजा असलेला चालणार नाही.

तुझाच,
बंड्या