श्रद्धांजलीच्या फ्लेक्सऐवजी लोहाराकडनं एक हत्यार करून घ्या

संपादक साहेब, नमस्कार.

तासगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावच्या फाट्यावर उभं राहा, वाढदिवसाच्या फ्लेक्सला चिकटून एखादा तरी भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स असतोच. मोठा फोटो, खाली शोकाकुल म्हणून नावांची रांग, त्यातली निम्मी पुढाऱ्यांची. ऊन-वाऱ्यानं तो फाटला की कुणीतरी काढून गोठ्यावर नाहीतर बेदाण्याच्या शेडवर टाकतो. कुणाच्या दुःखाला नावं ठेवायची नाहीत मला, पण आमचा दोस्त गेला तेव्हा आम्ही मित्रांनी फ्लेक्स लावला नाही, ती वर्गणी लोहाराला दिली आणि त्याच्या आठवणीत कलम बांधायचा एक चाकू करून घेतला, आणि असं बाकीच्यांनीही करावं असं अगदी मनापासून वाटतंय म्हणून हे पत्र.

दोस्ताचं नाव इथं लिहीत नाही, घरच्यांना फोनाफोनीचा त्रास नको. गडी आधी वडापची, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतुकीची जीप चालवायचा. पुढं धंदा बसला, एसटीच्या थांब्यावर जीपा जास्त आणि माणसं कमी झाली, मग तो द्राक्षाची कलमं बांधायला शिकला आणि त्यात असा काही रमला की ऑगस्ट-सप्टेंबरात त्याला जेवायला सवड नसायची. ज्यांना बागेतलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्याकडं आता द्राक्षवेल थेट स्वतःच्या मुळावर क्वचितच लावतात. आधी डॉगरिज या जंगली द्राक्षवेलीचा खुंट लावायचा, कारण तो कमी पाण्यात आणि खारवट जमिनीत तग धरतो, पावसाळ्यात त्याची काडी पेन्सिलीएवढी जाड झाली की ती आडवी कापून मधोमध चिरायची आणि त्या चिरेत थॉमसन नाहीतर तास-ए-गणेश या खायच्या द्राक्षाच्या जातीची काडी पाचरीसारखी तासून बसवायची, वरनं प्लास्टिकची पट्टी गच्च गुंडाळायची. सालीखाली एक पातळ हिरवा थर असतो, दोन्ही काड्यांचा तो थर एकमेकाला टेकला तरच कलम जगतं. चाकू बोथट असला तर काडी कापली जात नाही, चेचली जाते, मग ती काळी पडते आणि शेतकऱ्याचं त्या जागेचं वर्ष वाया जातं. म्हणजे सगळा खेळ धारेचा.

आणि हा पठ्ठ्या डावखुरा. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूनं असते, दुसरी बाजू सपाट, म्हणजे काडीवर काप सरळ सपाट येतो. दुकानात मिळतात ते चाकू उजव्या हाताचे. डावखुऱ्यानं तो धरला की काडीत शिरताना पातं आत ओढतं. आयुष्यभर त्यानं उजव्या हाताच्या चाकूवर मनगट वाकडं करून काम केलं आणि तरी त्याची कलमं कधी मर खात नव्हती, हे बागायतदार आजही सांगतात. हार्ट अटॅकनं गेला, ऐन सीझनमध्ये, वय जायचं नव्हतं.

तर ठरलं की चाकू करायचा तो डाव्या हाताचा करायचा, आणि पोलाद त्याच्याच जीपचं वापरायचं. जीप कधीच भंगारात गेली होती पण स्प्रिंगचं एक पान त्याच्या गोठ्यात दाराला टेकण म्हणून पडलेलं. गाडीच्या कमानपाट्याचं पोलाद चाकूला उत्तम, त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, म्हणून ते भट्टीत कडक करता येतं, साध्या सळईचं तसं होत नाही. आमच्या शेजारच्या गावात एक लोहारमामा अजून भाता चालवतात (भात्याला आता ब्लोअर लावलाय, ऐरण मात्र वाडवडिलांची). त्यांनी पान हातात घेतल्यावर पहिल्यांदा काय केलं तर ते टांगून वाजवून बघितलं, मग उन्हात धरून कुठं बारीक चीर आहे का ते बघितलं, वापरलेल्या स्प्रिंगमध्ये आत तडे असतात म्हणाले, आणि मधला चांगला तुकडा तेवढाच घेतला.

ठोकून पातं पातळ केलं, कानशीनं आकार दिला, ते सगळं भराभर झालं. खरी गंमत पाणी द्यायच्या, म्हणजे पातं तापवून बुडवून कडक करायच्या वेळेला. मामांनी पत्र्याचं दार ओढून घेतलं, भर उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही म्हणून अंधार पाहिजे. पातं लाल झालं, मग केशरीकडं जायला लागलं, मामा मध्येच ते बाहेर काढून चुंबकाला लावून बघायचे. पावणेआठशे अंशांच्या आसपास लोखंडाला चुंबक धरायचं बंद होतं, तो पॉइंट आला की अजून थोडं तापवायचं आणि सरळ तेलात. पाण्यात नाही, स्प्रिंगचं पोलाद पाण्यात बुडवलं की तडकायची भीती. तेलातनं काढल्यावर कानस फिरवून दाखवली तर ती काचेवर फिरल्यासारखी नुसती घसरली, एक किससुद्धा निघाला नाही. पण अशा अवस्थेत पातं हातातनं पडलं तरी मोडतं, म्हणून ते परत हलकं तापवायचं. त्यासाठी एक बाजू दगडावर घासून चकचकीत केली, पाठीकडची कड निखाऱ्यावर धरली, आणि मग त्या चकाकीवर पाठीकडनं धारेकडं हळूहळू रंग सरकायला लागला. पाठीला निळा, मध्ये जांभळट तपकिरी, आणि धारेपाशी पोचला तो फिकट पिवळा, चांगल्या बेदाण्याचा असतो तसा. त्या क्षणाला मामांनी ते थंड केलं. अजून थोडा उशीर झाला असता तर धारही निळी पडली असती आणि तिचा कडकपणा गेला असता. थर्मामीटर नाही, काही नाही, नुसती नजर.

मुठीला आम्हाला त्याच्या बागेतलं जुनं द्राक्षाचं खोड घालायचं होतं पण ते वाळलं की चिरतं, मामांनी बांधावरच्या बाभळीचा आतला लाल गाभा घेतला, पितळी रिव्हेट मारले, जवसाचं तेल चोळलं. धार डाव्या हाताची. हत्यार मागितल्यावर मामांचा पहिला प्रश्नच "वापरणार कुणाचा हात" हा होता, आणि संपादक साहेब, हा प्रश्न कुठलं दुकान विचारत नाही. मजुरी सांगताना मात्र त्यांचा आवाज बारीक झाला, तिठ्यावरच्या एका फ्लेक्सच्या बिलापेक्षा ती कमी होती.

चाकू वर्षश्राद्धाला त्याच्या थोरल्या मुलीला दिला. ती पण डावखुरी आहे आणि बापाच्या मागनं बागेत फिरत कलम शिकली आहे. घरातली म्हातारी माणसं आधी कुरकुरली, श्राद्धाच्या घरात सुरी काय देताय म्हणून, पण खंडेनवमीला आपण विळा-खुरप्याला हळदकुंकू लावतोच की. त्या वर्षी तिनं खुरप्याशेजारी हा चाकू मांडला आणि कुणी काही बोललं नाही. हल्ली कोयत्यानं दहशत माजवल्याच्या बातम्या रोज येतात त्यामुळं लोक चाकू म्हटलं की दचकतात, म्हणून तेही लिहितो. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू लायसनमध्ये येतात, घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले सोडून. हे पातं तीन इंचसुद्धा नाही आणि ते झाडावरच चालतं. तलवारी, गुप्त्या असलं काही लोहाराकडं कृपा करून मागू नका, पोलीस पहिलं त्या गरिबाला उचलतात.

आपला जिल्हा खरंतर लोखंडाचाच. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती लोखंडी नांगराच्या जिवावर. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे, शस्त्रांना गिऱ्हाईक राहिलं नाही तेव्हा त्यांनी भोपळा आणि तारा हातात घेतल्या, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. शिकलगारांना संस्थानचा आधार तरी होता. लोहारमामांना कोण आहे? बलुतं गेलं, विळे-खुरपी बाजारात तयार यायला लागली. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार आहेत, टूलकिटला १५ हजार मिळतात, ५ टक्के व्याजानं कर्ज मिळतं, हे चांगलंच आहे, पण मामा म्हणाले कर्ज घेऊन घण आणीन, ठोकू काय? त्यांना गिऱ्हाईक पाहिजे. आणि त्यांचा मुलगा एमआयडीसीत हेल्परला जातो, त्याला तो बेदाण्याचा रंग ओळखायला शिकवणार कोण नि कधी?

म्हणून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. वाचकांनी घरातलं, मित्रातलं कुणी गेलं तर त्या माणसाच्या कामाचं एक हत्यार करून घ्यावं. गवंड्याची थापी, बाईची विळी, सुताराची पटाशी, काहीही, आणि ते पुढं जो वापरेल त्याच्या हातात द्यावं, शोकेसमध्ये नको. आणि तुमच्याकडं विनंती अशी की पेपरात श्रद्धांजलीच्या जाहिरातींचं पान असतं, त्याच पानावर खाली आठवड्यातनं एकदा चार ओळी जागा द्या. कुठल्या गावात लोहार अजून भट्टी पेटवतो, कुठल्या आठवडी बाजाराला तो बसतो, काय काय करून देतो, एवढंच छापा. तासगाव तालुक्यातली नावं त्यांना विचारून मी स्वतः गोळा करून ऑफिसला आणून देतो.

आपला,
एक वाचक, तासगाव तालुका, जि. सांगली