कॅसेट संपली तिथून पुढे

पुणे,
१५ सप्टेंबर

प्रिय सुहास,

गणपतीच्या मखराचं सामान माळ्यावर ठेवायला चढलो, तर एका खोक्यात आपली नव्वद मिनिटांची टीडीके कॅसेट सापडली. एका बाजूला ‘डार्क साइड ऑफ द मून’, दुसरीकडे ‘विश यू वेअर हिअर’. वर लाल शाईत आपल्या त्या ब्रिटिश रॉक बँडचं नाव, ‘पिंक फ्लॉइड’, तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. वाजवायला घरात टेप उरलेला नाही, म्हणून काल रात्री दोन्ही अल्बम फोनवर लावले. बायको म्हणाली, “परत तेच रडगाणं?”

होस्टेलमधलं भांडण आठवतंय ना? तू गाणी लिहिणाऱ्या वॉटर्सचा, मी गिटारवाल्या गिल्मरचा. तू म्हणायचास, शब्द काढून घेतले तर हे लोक नुसतं लांबण लावणारे. मग मी ‘कम्फर्टेबली नम्ब’चा शेवटचा सोलो लावून तुझं तोंड बंद करायचो, आणि तोवर मेसमधली आमटी गार झालेली असायची. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्स मुंबईत आला, अख्खं ‘डार्क साइड’ वाजवलं, तेव्हा तर परतीच्या वाटेवर तू मला बोलूच दिलं नाहीस.

तर लेका, आता कबूल करतो. आपण दोघंही भलत्याच माणसांसाठी भांडत होतो. कीबोर्डवाल्या रिक राइटचं नाव आपल्या तोंडून एकदाही निघालं नाही.

‘अस अँड देम’ घे. ती चाल राइटने मुळात इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनीच्या चित्रपटासाठी पियानोवर बांधलेली. तिथे ती नाकारली गेली, तशीच पडून राहिली आणि १९७३ मध्ये ‘डार्क साइड’वर आली. ‘ब्रीद’मधली ती विचित्र गोड कॉर्ड त्याने जॅझवाल्या माइल्स डेव्हिसकडून उचललेली. आणि ‘द ग्रेट गिग इन द स्काय’! खाली त्याचा पियानो, वर क्लेअर टॉरीचा आवाज. एका रविवारच्या रेकॉर्डिंगचे तिला ३० पौंड मिळाले, आणि रचनेचं श्रेय मिळवायला २००४ मध्ये कोर्टाची पायरी चढावी लागली. ती गाते त्यात एकही शब्द नाही रे. तुझ्या शब्दांच्या सिद्धांताचं आता काय करायचं, तूच सांग.

माझीही सुटका नाही म्हणा. ‘एकोज’मध्ये गिल्मर गिटारवर आभाळ फाडतो, मान्य, पण ते तेवीस मिनिटांचं सगळं प्रकरण उभं राहतं ते राइटच्या पियानोच्या एका ‘टिंग’वर. पाण्याचा थेंब पडावा तसं.

‘द वॉल’ अल्बमच्या वेळी वॉटर्सने या माणसाला बँडमधून काढलं. दौऱ्यावर मात्र नेलं, पगारी वादक म्हणून. दौरा इतका खर्चिक निघाला की बाकी तिघांच्या खिशाला चाट बसली. पैसे मिळाले ते एकट्या पगारदाराला. यावर मी पोट धरून हसलो. मग वाटलं, स्वतःच्याच बँडमध्ये पगार घेताना त्याला काय वाटलं असेल?

खरी गोष्ट पुढेच आहे. ‘विश यू वेअर हिअर’च्या शेवटी येणारं ‘शाइन ऑन’ आपल्या कॅसेटवर कधी पूर्ण वाजलंच नाही. आधीच टेप संपायची, खट्कन. तो ‘खट्’ मला इतका पाठ होता की तोच गाण्याचा शेवट वाटायचा. पुढे सीडी घेतली, पण शेवटाकडे लक्ष देतंय कोण! १९७५ च्या जूनमध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत हेच गाणं चालू असताना भुवया काढलेला एक लठ्ठ माणूस आला आणि तो बँडचा जुना गायक, ज्याच्यावर हे गाणं आहे तो सिड बॅरेट आहे हे कुणाला ओळखू आलं नाही, हा किस्सा आपण प्रत्येक ज्युनिअरला ऐकवला. गाणं मात्र शेवटपर्यंत ऐकलं नाही.

शेवटचा, नववा भाग एकट्या राइटचा आहे. सगळं विरत जातं, आता संपलं असं वाटतं, आणि अगदी कडेला तो सिंथेसायझरवर ‘सी एमिली प्ले’ची ओळ हळूच वाजवून जातो. सिडचं १९६७ चं गाणं. जेमतेम काही सेकंद. मी चार वेळा मागे नेऊन ऐकलं.

राइट २००८ मध्ये आजच्याच तारखेला गेला.

हेडफोन लावून ऐक, आणि तेवढा वेळ वहिनींना मिक्सर लावू नका म्हणावं. मग फोन कर. वॉटर्सची बाजू घ्यायची असेल तर रविवारी कर, त्या दिवशी वेळ असतो.

तुझा,
मिलिंद

ता. क. कॅसेट परत मागू नकोस.