कुबोचं कौतुक फुकटचं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पानावरचा जपानी फुटबॉलपटू ताकेफुसा कुबोवरचा लेख वाचला. जपानमधलं त्याचं वेड जाहिरातदारांनी पिकवलंय, असा एकूण सूर. जाहिराती आहेतच, ते कोण नाकारतंय? पण स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबचा करार आणि जर्सीचा खप एवढ्यावरच रकाने भरले आणि मधली वर्षं गायब केली, हे पटलं नाही.

हा पोरगा कावासाकीचा. दहा वर्षांचा असताना बार्सिलोनाच्या अकादमीत गेला. अठरा वर्षांखालच्या परदेशी मुलांना घेताना नियम मोडले म्हणून फिफाने क्लबवर बडगा उगारला आणि २०१५ मध्ये त्याला गाशा गुंडाळावा लागला. चूक क्लबची, शिक्षा पोराला! परत आल्यावर नोव्हेंबर २०१६ मध्ये एफसी टोकियोच्या २३ वर्षांखालील संघातून तो तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये उतरला, तेव्हा वय १५ वर्षं ५ महिने. जे-लीगमध्ये, म्हणजे जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये, इतक्या लहान वयात तोवर कुणीच खेळलं नव्हतं. लोकांचा जीव जडला तो तेव्हापासून.

आता माद्रिद. २०१९ मध्ये करार झाला खरा, पण त्या संघाकडून तो एकही अधिकृत सामना खेळला नाही. ला लीगात, म्हणजे स्पेनच्या अव्वल लीगमध्ये, तेव्हा युरोपीय संघाबाहेरचे तीनच खेळाडू नोंदवता येत आणि त्या जागा विनिसियस, रॉड्रिगो आणि मिलिताव या ब्राझिलियनांनी अडवलेल्या. मग मायोर्का, व्हियारेआल, हेताफे, पुन्हा मायोर्का अशी स्पेनमधल्याच क्लबांत उसनवारीवर वणवण. जर्सी खपवायलाच आणला होता म्हणणाऱ्यांनी डिसेंबर २०२१ मधला अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या मैदानावरचा मायोर्काचा सामना जरूर पाहावा. १-१ अशी बरोबरी, भरपाई वेळ सुरू, कुबो मोकळा सुटला आणि ओब्लाकसारख्या गोलरक्षकाला चकवून आला. मायोर्का २-१!

२०२२ मध्ये रेआल सोसिएदाद या स्पॅनिश क्लबने त्याला कायमचा घेतला. पहिल्याच हंगामात लीगमध्ये ९ गोल, संघ चौथा, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचं तिकीट. त्यातला रेआल माद्रिदविरुद्धचा गोल तर बघण्यासारखा. मिलितावने मागे दिलेला पास फसला, कुबोने मधल्या मध्ये चेंडू उचलला आणि जाळ्यात धाडला. (पूर्वी जागा अडवणाऱ्यांपैकीच एकाच्या चुकीवर. योगायोग म्हणा.) लहानपणी बार्सिलोनात शिकलेली स्पॅनिश तो अस्खलित बोलतो, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकांनाही तो परका वाटत नाही. सगळीकडे असं नाही म्हणा. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर त्याला वांशिक शिव्या ऐकाव्या लागल्या. प्रसिद्धीवर पानभर लिहिताना याला दोन ओळी मिळायला हरकत नव्हती.

टीका करूच नका असं नाही. त्या पहिल्या हंगामानंतर लीगमधले त्याचे गोल पुढची दोन्ही वर्षं कमीच होत गेले. त्यावर सडकून लिहा. आम्ही आवडीने वाचू आणि भांडूही.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर