आधी ग्रामसभा, मग वृक्षलागवड

आदिवासी भागातील ‘पडीक’ जमिनींवर कार्बन क्रेडिटसाठी (झाडांनी शोषलेल्या कार्बनच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांसाठी) झाडे लावणाऱ्या पर्यावरण संस्थांची प्रशंसा करणारा आपला लेख वाचला. हेतू चांगला असला तरी क्रम उलटा आहे. १८७८ च्या इंग्रजी वन कायद्याने गावांच्या वापरातले जंगल सरकारी ठरले. कागदावर पडीक दिसणारी ही जमीन प्रत्यक्षात चराईची, तेंदू-मोहाची असते. तिथे एकाच जातीची रोपे लावली की चारा जातो, गुरे आत शिरतात, रोपे मरतात आणि दोष गावाला दिला जातो.

वनहक्क कायदा, २००६ नुसार सामूहिक वनाचे संरक्षण व व्यवस्थापन हा ग्रामसभेचा अधिकार आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर तो मिळाला. संस्थांची खरी गरज इथे आहे: शेजारच्या गावांना सोबत घेऊन जीपीएसने हद्द मोजणे, ज्येष्ठांचे लेखी जबाब जोडून वनहक्काचा दावा भरणे आणि मंजुरीनंतर हक्काची नोंद महसूल व वन अभिलेखात होईपर्यंत पाठपुरावा करणे. हे शेवटचे काम अनेकदा राहून जाते.

कार्बनचा करार गावाला कित्येक वर्षे बांधून ठेवतो. त्यावर केवळ सरपंचाची सही चालवून घेऊ नये. मसुदा मराठीत आणि गोंडीत वाचून दाखवावा. निम्मे सदस्य हजर आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश महिला, ही वनहक्क नियमांतली गणपूर्ती पाळूनच ठराव घ्यावा. फेब्रुवारी २०१९ मध्ये वन्यजीव संस्थांच्या याचिकेवरच, वनहक्काचे दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. त्याच महिन्यात त्याला स्थगिती मिळाली. अशा याचिकांबाबत आपली भूमिका काय, हे प्रत्येक संस्थेने ग्रामसभेला आधी लेखी कळवावे.

– एक वाचक, गडचिरोली